बाई मला ‘तू’ म्हणाल्या

६ तारीख, रविवार

हात रिकामे राहिले की मला सुचत नाही. डॉक्टरांनी काही दिवस शिडीही नको आणि ब्रशही नको असं बजावलंय, म्हणून ही कोरी वही काढली. पेन म्हणजे तरी काय, ब्रशच, अंगाने जरा किरकोळ.

परवा शुक्रवारी दुपारी आमची व्हॅन सिग्नलला उभी होती. मी चालवत होतो, बाई शेजारी. मागून सामानाचा ट्रक आला आणि थांबायचं विसरून आमच्यावर आदळला. व्हॅनमध्ये मागे पाट्या आणि रंगाचे डबे होते, त्यातला एक डबा उडून माझ्या कपाळावर बसला. रक्त आणि पिवळा रंग एकत्र गळायला लागल्यावर काय दिसत असेन कोण जाणे, जो तो माझ्याकडेच धावला. बाई मांडीवर पर्स धरून ताठ बसलेल्या. “त्यांना असं ओढू नका. आधी पलीकडचं दार उघडा. हळू.” जन्मभर वर्ग सांभाळलेला आवाज. बघ्यांनी निमूट ऐकलं.

इस्पितळात कपाळाला टाके पडले. मान आखडली होती, म्हणून तिचा फोटो काढला. हाड शाबूत आहे म्हणाले. गळ्याला मऊ पट्टा दिला आणि सांगितलं की हाताला मुंग्या आल्या किंवा जोर कमी वाटला तर लगेच यायचं. मग बाईंना विचारलं, “तुम्हाला कुठे लागलं?”

“मला काही झालेलं नाही. यांना बघा.”

“डोकं आपटलं का?”

“सीटच्या मागच्या उशीवर आपटलं असेल. उशीच ती.”

डॉक्टर हसले. बाईंचं नावसुद्धा कुठे लिहिलं गेलं नाही. एक ओरखडा नाही अंगावर. घरी येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडला होता.

बाई म्हणजे माझी बायको. शाळेत भाषा शिकवायच्या. तरुणपणी मी त्यांच्या शाळेची भिंत रंगवायला गेलो होतो. माझं शिक्षण जेमतेम, अक्षर मात्र हाताला आपलं आपण आलेलं. शुद्धलेखन तेवढं आलं नाही. मी शिडीवर, आणि खालून आवाज आला, “पेंटर, ‘शीस्त’ नाही. ‘शिस्त’. तुम्ही खाली उतरा आणि लांबून बघा.” मी उतरलो तो आजतागायत उतरलेलाच आहे. लग्न झालं तरी ‘पेंटर, तुम्ही’ आणि ‘बाई, तुम्ही’ काही सुटलं नाही. लेक लहान असताना विचारायची, “तुम्ही दोघं नक्की नवरा-बायकोच आहात ना?”

८ तारीख, मंगळवार

येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ. सगळे माझ्या टाक्यांना भेटायला येतात. बाई चहा करून करून दमल्या. दुपारी म्हणाल्या, डोकं जड झालंय, जरा पडते. बाई आणि दुपारची झोप? दुपारी झोपणाऱ्यांना त्या आजवर आळशी म्हणत आल्या. मी मुद्दाम आवाज न करता बाहेर बसलो. अपघाताची दगदग अंगातून निघायला वेळ लागणारच.

गळ्याचा पट्टा हनुवटीला टोचतो. काढून खुंटीला लावला. शेजारच्या शिंप्याने विचारलं, “काय पेंटर, टाय सोडला का?”

१३ तारीख, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथेच लिहितो.

सकाळी खिडकीशी पेपर चाळत बसलो होतो. मागून बाईंचा आवाज, “अरे पेंटर, चहा गार होतोय तुझा.”

मी वळून पाहिलं, कोणी तिसरं आलंय का. कोणी नव्हतं. बाई माझ्याकडेच बघत होत्या, डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर थोडं हसू. एवढा संसार झाला, लेकीचं बाळंतपण झालं, डोक्यावर एक काळा केस उरला नाही, आणि आज आम्ही ‘तू’वर आलो. तोंड पाण्याने धुऊन आलो. मीही ‘तू’ म्हणून बघावं म्हटलं, पण जिभेला ते वळण नाही. “बाई, साखर कमी आहे,” एवढंच जमलं.

“घे ना मग तू,” असं म्हणाल्या.

मरणाच्या दारातून दोघं परत आलो. माणूस अशा वेळी मऊ होतं. ट्रकवाल्याचे आभार मानायला हवेत की काय.

१७ तारीख, गुरुवार

टाके निघाले. लगेच कामाला बसलो. चष्मेवाल्याची नवी पाटी द्यायची आहे: ‘चष्मे तयार व दुरूस्त करून मिळतील’.

आमची रीत अशी. मी पत्र्यावर आधी खडूने अक्षरं आखतो. मग बाई हात पाठीमागे बांधून उभ्या राहतात आणि पाटी उलटी वाचतात, शेवटच्या शब्दापासून पहिल्यापर्यंत. सुलट वाचलं की डोळा फसतो म्हणतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय मी रंगाचा डबा उघडत नाही. खडू पुसता येतो, रंग येत नाही. पाटीगणिक एक तरी चूक निघायची आणि चुकीगणिक एक टोमणा.

आज बाईंनी दारातूनच पाहिलं. “छान आहे.”

“उलटी नाही वाचणार?”

“छान आहे रे. लाव रंग.”

एक टोमणा नाही. मी शीळ वाजवत रंगवली. ब्रश दोनदा हातातून सुटला, मुंग्या येऊन बोटं बधिर होतात. टर्पेंटाइनचा परिणाम असणार. शिवाय इतके दिवस काम नव्हतं, हात लाडावलाय. इस्पितळात मुंग्यांचं काही बोलले होते खरं, पण ब्रश धरून ज्याचा जन्म गेला त्याच्या हाताला मुंग्या नाही येणार तर काय मोर येणार?

संध्याकाळी लेकीचा फोन. “बाबा, तुमचं भांडण झालंय का? आई दोन वाक्यं बोलली आणि फोन ठेवून दिला.”

“भांडण? उलट,” मी म्हटलं.

“उलट म्हणजे?”

“तू लहान आहेस.”

“बाबा, मी बेचाळीस वर्षांची आहे.”

२१ तारीख, सोमवार

बाई चालताना डावीकडे कलतात. काल दाराच्या चौकटीला खांदा लागला, आज पुन्हा तिथेच. डाव्या पायातली चप्पल वाटेत राहते आणि त्या तशाच पुढे जातात. मी मागून चप्पल घेऊन. “बाई, सिंड्रेलासारखं काय चाललंय?” म्हटलं, तर हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या, मी कुणीतरी पत्ता विचारणारा असल्यासारखं.

चष्म्याचा नंबर बदलला असेल. पाटी न्यायला चष्मेवाला येईल तेव्हा त्याला विचारतो. तो बाईंचाच जुना विद्यार्थी.

डोकेदुखीची गोळी रोजची झाली. हृदयासाठी रक्त पातळ ठेवायची जी गोळी आहे ती मात्र त्या विसरायला लागल्यात, म्हणून आता मी स्वतः हातावर ठेवतो आणि गिळेपर्यंत समोर उभा राहतो. एकही चुकू दिलेली नाही. त्यांनी माझं इतकं केलं, मला एवढं तरी जमलं पाहिजे.

शर्टाची बटणं लावायला मला आज फार वेळ लागला. दोघंही म्हातारे झालो, दुसरं काय.

२४ तारीख, गुरुवार

इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. सकाळपासून काय काय झालं ते सुसंगत लिहिलं तर कदाचित मला कळेल.

पाटी परवा शिंप्याच्या मुलाने पोचती केली होती. आज सकाळी चष्मेवाला तीच पाटी काखेत मारून हजर. हसत होता. “काका, माझं दुकान चेष्टेचा विषय करता का? हे ‘दुरूस्त’ बघा. रु ऱ्हस्व. ह्या एका शब्दापायी बाईंनी मला वहीभर लिहायला लावलं होतं, झोपेत विचारा. आणि अक्षरं अशी नागमोडी काय? बाईंनी पाहिली नाही वाटतं.”

“पाहिली की.”

“नसेल.”

“अरे, समोर उभ्या होत्या. छान आहे म्हणाल्या.”

त्याचं हसू थांबलं. पाटी त्याने भिंतीला टेकवली. “बाईंनी हे वाचून ‘छान’ म्हटलं?”

मी म्हटलं, वयाप्रमाणे माणूस सौम्य होतं. तो तडक आत गेला. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मान एका बाजूला. त्याने गुडघ्यावर बसून विचारलं, “बाई, ओळखलं का?”

“ये. बस. तू… तो काचेचा.”

“आज वार कोणता बाई?”

बाईंनी खूप विचार केला. “सुट्टी आहे,” म्हणाल्या.

त्याने खिशातली बारीक बॅटरी काढून त्यांच्या डोळ्यांत आलटून पालटून उजेड टाकला. दोन्ही हात पुढे करायला सांगितले. डावा हात हळूहळू खाली आला, पाण्यात बुडावा तसा. चष्मेवाला उठला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“काका, अपघातात बाईंचं डोकं आपटलं होतं?”

“नाही रे. लागलं ते मला.”

“त्यांना तपासलं होतं?”

नाव लिहिलं नव्हतं, मी म्हटलं. त्याने माझं पुढचं ऐकलंच नाही, गाडी दाराशी लावायला धावला.

इथे आल्याबरोबर बाईंना स्कॅनला नेलं. मेंदूचे डॉक्टर वयाने लेकीपेक्षा लहान, पण बोलणं शांत. त्यांनी मला समोर बसवून विचारलं, “घरी काही बदल जाणवला? झोप वाढली? चालण्यात फरक?” मी सगळ्याला हो म्हणत गेलो. “स्वभावात काही? बोलण्यात?”

मी म्हटलं नाही. मग पुन्हा म्हटलं, “एक आहे. पण ते आजारातलं नाही.”

“सांगा तरी.”

“त्या मला ‘तू’ म्हणायला लागल्या.”

डॉक्टर हसले असते तर बरं झालं असतं. “आधी काय म्हणायच्या?”

“तुम्ही. कायम.”

“कधीपासून बदललं?”

“तेरा तारखेपासून. सकाळी. चहाच्या वेळी.”

त्यांनी ते लिहून घेतलं. माझं सुख लक्षणांच्या यादीत गेलं.

नंतर स्कॅन दाखवलं. कवटीच्या आत एका बाजूने काळपट चंद्रकोर पसरलेली, आणि मेंदू बिचारा पलीकडे सरकून बसलेला, गर्दीत अंग चोरून बसावं तसा. म्हणाले, गाडीला धक्का बसतो तेव्हा डोकं उशीवर असलं तरी आत मेंदू हेलकावतो. वय झालं की मेंदू आक्रसतो, त्याला हलायला जागा जास्त आणि शिरा ताणलेल्या. एखादी बारीक शीर तुटते. बाहेर काही दिसत नाही, त्या दिवशी माणूस ठणठणीत असतं, आणि आत थेंब थेंब झिरपत राहतं.

“रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?”

“आहे,” मी म्हटलं. “एकही चुकू दिलेली नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला कळलं. मीच रोज समोर उभं राहून ती गिळायला लावली. माझ्या तोंडचं पाणी पळालं ते अजून आलेलं नाही.

आधी गोळीचा परिणाम उतरवणार आणि मग कवटीला भोकं पाडून रक्त काढणार. कागदावर सही केली. सही कुठच्या कुठे गेली. सिस्टर म्हणाल्या, “काका, घाबरू नका, हात किती थरथरतोय.” मी घाबरलो होतोच. पण हात घाबरला म्हणून थरथरत नव्हता. त्याला पेन कळतच नव्हतं.

२६ तारीख, शनिवार

काल ऑपरेशन झालं. लेक आली आहे. बाई अतिदक्षता विभागात, डोक्याला बांधलेलं, केस नाहीत. नळीतून गढूळ पाणी उतरतंय. डॉक्टर म्हणतात, दाब कमी झाला, आता वाट पाहायची. किती परत येईल, ते सांगता येत नाही.

मी काचेतून बघतो. मनात हिशेब एकच: तेरा तारखेला मी तोंड धुवायला गेलो त्याऐवजी दवाखान्यात गेलो असतो तर. आरशात बघून स्वतःशीच हसलो होतो, म्हातारा घोडा. त्या आतून बुडत होत्या आणि मी काठावर उभा राहून किती छान पोहतात म्हणत होतो.

लेक म्हणते, “बाबा, कुणालाच कळलं नसतं.” चष्मेवाल्याला कळलं. एका उकारावरून कळलं.

२७ तारीख, रविवार

बाईंनी डोळे उघडले. लेकीला बघून ओठ हलले, “चिमे.” लेकीला आम्ही लहानपणी चिमी म्हणायचो. ती रडायला लागली.

मग मी पुढे झालो. “बाई.”

बघितलं. नीट, खालपासून वरपर्यंत. डोळ्यांत काही आलं नाही. “कोण?” असं लेकीला विचारलं.

“आई, बाबा आहेत. पेंटर.”

“कसली पाटी लावायची आहे?” बाईंनी विचारलं आणि डोळे मिटले.

बाहेर येऊन भिंतीला टेकलो. रडू आलं असतं तर सुटलो असतो. डॉक्टर म्हणाले, अशा वेळी गोंधळ असतो, बहुतेकांना हळूहळू जमतं. बहुतेक. या शब्दाला धरून रात्र काढायची आहे.

आता माझं. लिहून मोकळा होतो. उजव्या हातात कप राहत नाही, हेही पेन मुठीत आवळून लिहितोय. डाव्यातही मुंग्या. मान वाकवली की पाठीतून पायापर्यंत वीज जाते. जिना उतरताना पाय कुठे पडला ते बघावं लागतं. हे आता टर्पेंटाइनचं नाही, एवढं मलाही समजतं. पण सांगितलं तर मलाही कुठल्यातरी खाटेवर बांधून टाकतील, आणि बाईंपाशी बसणार कोण? लेक एकटी. आणि ज्या घडीला बाईंना मी आठवेन, त्या घडीला मी समोर नसलो तर? त्या बऱ्या होईपर्यंत गप्प राहायचं ठरवलंय. हात काय, कुठे पळून जात नाही.

२८ तारीख, सोमवार

सिस्टरनी मला बाईंना दूध भरवायला सांगितलं. चमचा हातातून निसटला, दूध चादरीवर सांडलं. मी हसून म्हटलं, काल झोप झाली नाही. दुसरा चमचा दोन्ही हातांनी धरला. बाई टक लावून बघत होत्या. तोंडाकडे नाही, हातांकडे. पूर्वी खडूतली पाटी बघायच्या तसं कपाळ आकसलेलं. मला बरं वाटलं. म्हटलं, काहीतरी आठवतंय.

२९ तारीख, मंगळवार (लिहिणारी: चिमी)

बाबांना उठायला आणि मान हलवायला बंदी आहे, म्हणून ते सांगतायत आणि मी लिहितेय. पुढचं सगळं त्यांच्या शब्दांत.

सकाळी डॉक्टर फेरीला आले. बाईंना नाव विचारलं, बरोबर सांगितलं. वार विचारला, चुकला. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळले तशी बाईंनी त्यांच्या कोटाची बाही पकडली.

“त्या माणसाला बघा.”

“कुठल्या?”

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. “त्याचा हात बघा. तो लपवतोय.”

मी म्हटलं, “काही नाही डॉक्टर, वयाचं आहे.”

“खोटं बोलतोय,” बाई म्हणाल्या. वर्गातला आवाज होता, थकलेला, पण तोच. “मुलं अशीच पाठीमागे लपवतात.”

सिस्टर गमतीने म्हणाल्या, “आजी, हे तुमचे कोण?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाटेची कड धरून उभा. “माहीत नाही,” म्हणाल्या. “पण त्याला खुर्ची द्या. पडेल तो.”

डॉक्टरांनी माझी बोटं दाबून घ्यायला लावली, तळपाय खरवडले, आणि चष्मेवाल्याचा होता तसाच चेहरा केला. मला त्याच जागी आडवं करून गळ्याला टणक पट्टा बांधला आणि मानेच्या एमआरआयला पाठवलं. पहिल्या फोटोत हाड दिसतं, हाडं बांधणारे पट्टे आणि मणक्यांमधली गादी दिसत नाही. ती सरकून मज्जारज्जूवर बसली आहे. एखादा गचका बसला असता तर मानेखालचं सगळं गेलं असतं. उद्या ऑपरेशन. मी विचारलं, ब्रश धरता येईल का? डॉक्टर म्हणाले, आहे ते वाचवायचं आहे, गेलेलं परत येईल असं वचन देत नाही. खरं बोलले. खोट्यापायी आमचं घर बसायची वेळ आली.

लेकीला म्हटलं मागची पानं वाचायची नाहीत. वाचलेली दिसतायत. नाक पुसतेय. (बाबा, हेही लिहू? लिही.)

आता छताकडे बघत पडलोय. बाई वरच्या मजल्यावर, मी खालच्या. ज्या माणसासाठी गप्प राहिलो तो माणूस मला ओळखत नाही, आणि त्यानेच मला पकडून दिलं. उद्या काय होईल कोण जाणे. मला भीती वाटते आहे. हे लिही चिमे, खोडू नकोस.

मघाशी लेक वर जाऊन आली. मी विचारलं, काही म्हणाल्या का?

“म्हणाली.”

“काय?”

“तो हाताचा माणूस जेवला का, असं विचारत होती. दोनदा विचारलं. काय सांगू?”

सांग, जेवला.

लेक म्हणाली, “बाबा, ताट तसंच पडलंय.”

मग म्हटलं, आण इकडे. आधी भरव, आणि मग जाऊन सांग.